सर्वांना मोफत उपचार मिळाले, तर रुग्णांचे जीव वाचतात का?

१ जुलै २०२४ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी खुली झाली. रेशनकार्ड केशरी असो की पांढरं, अंगीकृत रुग्णालयात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात.

फायदा होतो का? शेजारच्या कर्नाटकात वाजपेयी आरोग्यश्री योजना आधी उत्तरेकडच्या जिल्ह्यांत आली. योजना असलेल्या आणि नसलेल्या लगतच्या गावांची तुलना २०१४ साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. योजनेत बसणाऱ्या आजारांनी, मुख्यतः हृदयविकार आणि कर्करोगाने होणारे गरिबांचे मृत्यू योजनेच्या गावांत ६४ टक्क्यांनी कमी होते.

मग वाद कशाचा? अशी योजना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णाचं बिल भरते. रक्तदाबाची रोजची गोळी त्यात येत नाही. शिवाय रत्नागिरीच्या रुग्णाला मोठ्या शस्त्रक्रियेसाठी कोल्हापूरला जायचं झालं, तर आंबा घाटातून सुमारे १३० किलोमीटर प्रवास आहे. पावसाळ्यात लेप्टोचा ताप आला, तर औषध वेळेत सुरू व्हावं लागतं. ते काम गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं. तिथे डॉक्टर आणि औषधं नसतील, तर ५ लाखांचं संरक्षण रुग्णापर्यंत उशिराच पोहोचतं.