पात्रयोजना (संगीत विनोदी नाटकातील)

कोणती भूमिका कोणत्या नटाला द्यायची, हे ठरवण्याच्या कामाला पात्रयोजना म्हणतात. जुन्या नाटक मंडळ्यांत भूमिका ठरली की नटाच्या हाती त्याच्या भाषणांची ‘नक्कल’ पडे आणि पाठांतर सुरू होई. गद्य नाटकात अंगकाठी, चेहरा आणि वाणी पाहून निर्णय घेता येतो. संगीत नाटकात गळाही पाहावा लागतो, आणि नाटक विनोदी असेल तर पेच वाढतो. हशा वेळेवर पिकतो, तर गाणे वेळ मागते. दोन्ही साधणारा नट विरळा, म्हणून मंडळ्यांनी कामे वाटून दिली: नायक-नायिकेच्या जोडीने गावे, तिसऱ्याने हसवावे.

ही वाटणी परदेशातही दिसते. गिल्बर्ट आणि सलिव्हन यांची ‘एच. एम. एस. पिनाफोर’ ही युद्धनौकेवर घडणारी विनोदी संगीतिका २५ मे १८७८ रोजी लंडनमध्ये रंगभूमीवर आली. तीत प्रेमिकांची गाणी तयार गळ्याच्या गायकांकडे होती. आरमाराच्या मंत्र्याची भूमिका मात्र जॉर्ज ग्रॉस्मिथकडे गेली. पियानोसमोर बसून लोकांना हसवणे हा त्याचा व्यवसाय होता, आणि या भूमिकेला मोठ्या आवाजापेक्षा स्पष्ट उच्चारांची गरज अधिक होती.

दोनच वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग पुण्यात झाला. मोरोबा वाघोलीकर दुष्यंत झाले आणि शकुंतला झाले शंकरराव मुजुमदार. स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत, त्यामुळे मंडळीचे नशीब बरेचसे स्त्रीपार्टी नटावर अवलंबून असे. पुढे भाऊराव कोल्हटकर आणि १९०५ पासून बालगंधर्व यांनी हे स्थान इतके उंचावले की नायिकेचा नट आधी आणि बाकीचे नंतर, असा क्रमच पडून गेला.

विनोदी बाजूचे खरे श्रेय गणपतराव बोडसांना द्यायला हवे. ‘मानापमाना’त (१९११) त्यांनी श्रीमंत आणि भित्रा लक्ष्मीधर उभा केला. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संशयकल्लोळा’त ते फाल्गुनराव झाले, बालगंधर्व रेवती. या नाटकाची गोष्ट मोलिएरच्या प्रहसनातून इंग्रजीमार्गे मराठीत आली. रस्त्यात रेवतीला घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि त्याची बायको कृत्तिका ते पाहते. रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची, आश्विनशेठची, तसबीर कृत्तिकेला सापडते, मग तीच तसबीर बायकोच्या हाती पाहून फाल्गुनराव पेटतो. इथे नटाला तसबिरीकडे, मग बायकोकडे, मग पुन्हा तसबिरीकडे बघायचे असते. दोन नजरांमधला अवकाश चुकला तर प्रवेश पडतो. म्हणूनच देवलांनी गाण्याचा मुख्य भार आश्विनशेठ आणि रेवतीवर टाकला आणि फाल्गुनरावाला बोलण्यासाठी मोकळे ठेवले. बोडसांचा हा गद्य वकूब एवढा मोठा होता की ‘एकच प्याला’तला नायक सुधाकरही त्यांच्याकडे आला.

माणूस पाहून भूमिका देण्याची ही रीत मंडळ्यांपुरती नाही; वऱ्हाडाला सोंगाची ओळख मंडळ्यांच्या फार आधीपासून आहे. अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याला लोक विराटाच्या नगरीशी जोडतात. भीमाने कीचकाला इथल्या दरीत फेकले आणि भीमकुंडात अंग धुतले, अशी इथली कथा. पांडवांच्या त्या अज्ञातवासात भीम आचारी, अर्जुन नृत्य शिकवणारी बृहन्नडा आणि द्रौपदी सैरंध्री झाली होती. प्रत्येकाने अंगी असलेल्या गुणाला साजेसेच सोंग घेतले. पात्रयोजनेचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. विदर्भाच्या खडी गंमतीतही शाहीर गातो, नाच्या स्त्रीवेषात नाचतो आणि सोंगाड्या हसवतो. गाणारा आणि हसवणारा इथेही वेगळेच.

या वाटणीला धक्का दिला तो वऱ्हाडातल्याच एका वकिलाने. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) यांनी अकोला, खामगाव आणि जळगाव जामोद येथे वकिली केली. त्यांचे ‘वीरतनय’ किर्लोस्कर मंडळीने १८९६ मध्ये रंगभूमीवर आणले. पुराणकथा सोडून त्यांनी कल्पित कथानके घेतली, पारशी रंगभूमीच्या धर्तीच्या चाली आणल्या आणि कोटीबाज संवाद गंभीर पात्रांच्याही तोंडी घातले. त्यामुळे गाणाऱ्या नटालाही शब्दाचा नेम धरणे भाग पडले. ‘मूकनायका’त (१९०१) तर नायकच मुकेपणाचे सोंग घेतो. संगीत नाटकाच्या नायकाला मुका करणे हे मोठे धाडस होते. अशा भूमिकेला गळा हवाच, पण गळा मिटून चेहऱ्याने बोलणारा नटही हवा. कोल्हटकरांना गुरू मानणाऱ्या राम गणेश गडकऱ्यांनी कोटीबाज विनोदाचा हा वारसा पुढे नेला.

१९२९ नंतर हिराबाई बडोदेकरांच्या नाटक संस्थेत आणि १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’त स्त्रिया स्त्रियांच्या भूमिकांत आल्या आणि स्त्रीपार्टीचा प्रश्न हळूहळू मिटला. हसवणारा आणि गाणारा यांची वाटणी मात्र टिकली. ‘संशयकल्लोळा’च्या अलीकडच्या पुनरुज्जीवनात फाल्गुनराव प्रशांत दामले होते आणि आश्विनशेठ राहुल देशपांडे.

कोल्हटकरांची नाटके आज क्वचितच होतात. अमरावती-अकोल्याच्या हौशी संस्थांनी ‘मूकनायक’ हाती घ्यावे आणि नायकाची निवड करताना गळ्याइतकाच चेहराही पारखावा.