ओहमची दुरुस्ती

विभवांतराला धारेने भागले की रोध मिळतो आणि गुणले की शक्ती, हे सूत्र मी शाळेत पाठ केले. २३० व्होल्टवर ५ अँपिअर घेणाऱ्या हीटरचा रोध ४६ ओहम, शक्ती ११५० वॅट. गणित दोन ओळींचे. पण त्यामागचा इतिहास वाचताना मला अधिक मोलाची वाटली ती एका शिक्षकाची चूक.

गेओर्ग ओहम कोलोनच्या शाळेत गणित व भौतिकशास्त्र शिकवत. वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून ते धारा मोजत. १८२५ मध्ये त्यांनी जो नियम प्रसिद्ध केला तो चुकीचा होता. दोष मोजणीचा नव्हता. तेव्हाच्या बॅटरीचा दाबच स्थिर राहत नसे. मग पोगेनडॉर्फ या संपादकाच्या सूचनेवरून त्यांनी बिस्मथ आणि तांब्याचे तापयुग्म घेतले. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. दाब स्थिरावला आणि १८२६ मध्ये खरा नियम हाती आला.

१८२७ च्या त्यांच्या ग्रंथाचे जर्मनीत थंडे स्वागत झाले. रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले ते १८४१ मध्ये. त्याच वर्षी जूल यांनी तारेतील उष्णता धारेच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते, हे मांडले. शक्तीचे गणित तिथून पुढे गेले.

आपलाच छापील नियम वर्षभरात मोडीत काढणे सोपे नसते. आज रोधाच्या एककाला नाव आहे ते त्या माणसाचे.