नाखुदा मुहम्मद अली रोगे

नाखुदा हा मूळ फारसी शब्द. त्याचा अर्थ नावेचा धनी. कोळी बांधवांच्या तोंडचा ‘नाखवा’ तो हाच. कोकणी मुसलमानांच्या काही घराण्यांनी तो नावाआधी किताबासारखा मिरवला. मुंबईचे नाखुदा मुहम्मद अली रोगे त्यांपैकीच.

१८१८ च्या सुमारास जमशेटजी जीजीभाईंनी पेढी उभारली, तेव्हा रोगे आणि मोतीचंद अमीचंद त्यांचे भागीदार झाले. पुढे गोव्याचे रॉजेरिओ द फारिया येऊन मिळाले. पारसी, मुसलमान, जैन आणि ख्रिस्ती. धर्म चार, व्यापार एक. कापूस आणि माळव्याची अफू चीनला रवाना होई. १८३४ मध्ये सरकारने मुंबईत पहिल्यांदा तेरा हिंदी गृहस्थांना ‘जस्टिस ऑफ द पीस’ नेमले, त्यांत रोगे होते.

या वैभवात पनवेलसारख्या बंदरांचाही वाटा होता. १८३० मध्ये बोर घाटातून गाडीरस्ता झाला. देशावरचा कापूस बैलगाड्यांतून पनवेलला येई आणि इथून गलबतांनी मुंबईला जाई. १८६३ मध्ये रेल्वे कर्जतमार्गे घाट चढली आणि आमचे बंदर ओसरत गेले.

आता अवघड गोष्ट. या व्यापाऱ्यांचे गुणगान करताना आपण अफूचे नाव टाळतो. १८३९ मध्ये चिनी अधिकारी लिन यांनी कँटनजवळ वीस हजारांहून अधिक पेट्या अफू नष्ट केली. त्यानंतर इंग्रजांनी चीनवर युद्ध लादले. त्या व्यसनाने घरेच्या घरे बुडाली. दुसरीकडे मुंबईच्या जामा मशिदीवर वरचा मजला चढवला तो याच नाखुदा रोगे यांनी. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. एक झाकून दुसरी सांगितली, तर ती तारीफ होईल, तारीख होणार नाही.

१८७४ मध्ये बद्रुद्दीन तय्यबजींसोबत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन करणाऱ्यांत याच घराण्यातले, याच नावाचे नाखुदा मुहम्मद अली रोगे होते. जहाजांकडून घराणे मदरशाकडे वळले. आम्ही उर्दू शाळेत शिकवणारे त्याच वळणाचे वारस आहोत. वर्गात मुले विचारतात, ‘सर, आपले लोक पूर्वी काय करत होते?’ त्यांना जहाजेही सांगावीत, पेट्यांत काय होते तेही सांगावे. मुले समजून घेतात. अडखळतो ते आपण मोठे.