बीडीडी चाळी : एका कामगार वस्तीचा ऱ्हास आणि पुनरुज्जीवन

नागरी वस्तीचा ऱ्हास बहुधा इमारतींच्या दुरवस्थेवरून मोजला जातो. मुंबईतील बीडीडी चाळींचा इतिहास पाहता हे माप अपुरे ठरते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. कामगारांसाठी ५०,००० खोल्यांचे उद्दिष्ट ठरले; खर्चासाठी शहरात येणाऱ्या कापसावर कर बसला. प्रत्यक्षात वरळी (१२१), नायगाव (४२), डिलाईल रोड (३२) आणि शिवडी (१२) अशा २०७ चाळी उभ्या राहिल्या. प्रत्येक चाळीत ८० खोल्या. मधोमध बोळ, दुतर्फा १६० चौरस फुटांच्या खोल्या आणि सामायिक शौचालये.

विशेष म्हणजे इमारती नव्या असतानाच वस्ती ओस होती. वरळीतील पुष्कळ खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या आणि सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने तेथील काही चाळींचा चक्क तात्पुरता तुरुंग केला! वस्तीत जीव ओतला तो कोकण-घाटावरून आलेल्या भाडेकरूंनी. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे गाववाले, खानावळी, गावकरी मंडळे, भजने, व्यायामशाळा, गणेशोत्सव आणि आंबेडकर जयंती यांनी बोळाला अंगणाचे रूप दिले. अर्थात या सहजीवनाचे उदात्तीकरण नको. जातीच्या भिंती येथेही होत्या आणि जानेवारी १९७४ च्या वरळी दंगलीत त्या रक्तरंजित झाल्या.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने त्यांच्या जमिनींच्या विक्रीला वाट दिली. खोली टिकली, पण तिचे भाडे भरणारी रोजी गेली. ऱ्हासाचे मूळ येथे आहे; गळके छत व तडे गेलेले खांब हे त्याचे उत्तररूप होय.

म्हाडामार्फत होणाऱ्या पुनर्विकासाचे भूमिपूजन २०१७ मध्ये झाले. वरळीतील पहिल्या ५५६ सदनिकांचा ताबा ऑगस्ट २०२५ मध्ये देण्यात आला. पात्र रहिवाशांना ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर विनामूल्य मिळते. शंभर वर्षे सामायिक शौचालयासमोर रांग लावणाऱ्यांच्या दृष्टीने हा न्यायच आहे; जुन्या चाळीविषयी हळहळणाऱ्या अभ्यासकांनी हे विसरू नये. मात्र चाळीस मजली इमारतीची देखभाल अनियमित मिळकतीच्या कुटुंबांना दीर्घकाळ पेलेल काय, हा प्रश्न रोजगाराचाच आहे आणि योजनेचा हिशेब चौरस फुटांत मांडलेला आहे. शिवडीच्या चाळी तर बंदर न्यासाच्या जमिनीवर असल्याने मूळ योजनेबाहेरच राहिल्या.