अपघात म्हणजे नशीब नव्हे : बोरघाटाखालच्या रस्त्यांचा हिशेब

पायी चालणारा गाडीखाली मेला की पंचनाम्यात 'अपघात' लिहितात आणि गाव म्हणतं, त्याची वेळ भरली होती. मित्रांनो, आम्हाला ही दोन्ही उत्तरं मान्य नाहीत.

1929 साली बाबासाहेब चाळीसगावला उतरले, तेव्हा टांगेवाल्यांनी त्यांना न्यायला नकार दिला. शेवटी महारवाड्यातल्या मंडळींनी नुसता टांगा भाड्याने घेतला आणि ज्याला टांगा हाकायची सवय नव्हती अशा आपल्यातल्याच एकाच्या हाती लगाम दिला. पुलावर चाक अडकलं. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत कोसळले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त त्यांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. पुलाला दोष देऊन ते थांबले नाहीत. लगाम त्या माणसाच्या हाती का आला, हे त्यांनी सांगितलं.

तोच प्रश्न कर्जत-खालापुरात विचारू. 1830 मध्ये गव्हर्नर माल्कमने बोरघाटाचा रस्ता गाड्यांसाठी खुला केला. 1863 मध्ये घाटातून रेल्वे गेली. 2002 मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. तिन्ही मुंबई-पुण्याच्या प्रवाशासाठी. चौक, खालापूर, खोपोलीच्या आसपास पायी फिरणारा कातकरी, ठाकर, वीटभट्टीचा मजूर कोणाच्या नकाशात होता? द्रुतगती मार्गावर पायी चालायला बंदी आहे. बंदी चुकीची नाही. पण मग ओलांडायचं कुठून आणि ती जागा वाडीपासून किती लांब, हे आखणाऱ्याने ठरवायचं असतं.

कारण मरण वेगावर ठरतं. अमेरिकेतल्या 2011 च्या एका अभ्यासानुसार, धडकेच्या क्षणी गाडीचा वेग ताशी सुमारे 37 किमी असेल तर शंभरातले दहा पादचारी मरतात. 51 ला पंचवीस, 68 ला पन्नास, 80 ला पंचाहत्तर. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. तिशीतल्या माणसाला जो धोका, तोच सत्तरीच्या म्हातारीला ताशी सुमारे 19 किमी कमी वेगालाच असतो. गाडीचं नाक उंच असेल, ट्रक किंवा मोठी जीप, तर मार पायांवर न बसता छाती-डोक्यावर बसतो. त्यात अंधार, आणि मोडलेल्या माणसाला दवाखान्यात पोचवायला लागणारा वेळ. यातलं विधिलिखित काय आहे?

केंद्र सरकारच्याच आकड्यांनुसार 2022 मध्ये देशात 1,68,491 माणसं रस्त्यावर मेली. त्यांतले 32,825 पायी चालणारे होते. त्यांची जात कुठल्याही रकान्यात नाही. पण ज्याच्याकडे गाडी नाही तो चालतो, आणि गाडी कोणाकडे नाही हे आपल्या वस्त्यांना शिकवावं लागत नाही.

2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 198-अ आलं. रस्त्याची आखणी, बांधणी वा देखभाल ठरलेल्या मानकांनुसार नसल्याने माणूस मेला किंवा जायबंदी झाला, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम किरकोळ आहे, तरी कलम कामाचं आहे. पुढच्या पंचनाम्याच्या वेळी कार्यकर्त्यांनी पोलीस ठाण्यात जावं, ड्रायव्हरच्या नावाखाली रस्ता आखणाऱ्याचं नाव लिहायला लावावं, आणि नकार मिळाला तर तो लेखी मागावा.