झिरोचा बल्ब आणि ३१० रुपयांचा एलईडी

आज घरातल्या दिव्याचा इतिहास पाहू.

तुम्ही इंदुरात वाढला असाल, बडोद्यात किंवा बेळगावात, 'झिरोचा बल्ब' ओळखीचा असणारच. आमच्या घरी तो रात्रभर चालू असे. झिरो म्हणजे वीज लागतच नाही, अशी आमची ठाम समजूत. प्रत्यक्षात तो १२ ते १५ वॅटचा असायचा. चकती फिरणाऱ्या जुन्या मीटरवर एवढी थोडी वीज नीट नोंदली जात नसे, म्हणून तो फुकट वाटे.

खरा खाऊ ६० वॅटचा पिवळा बल्ब. त्याची नव्वद टक्क्यांहून जास्त वीज उष्णतेत जाते. रोज पाच तास लावला, तर महिन्याला ९ युनिट. जवळपास तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी १.३५ युनिटांत भागवतो.

मग लोक बदलत का नव्हते? हिशेब कळत नव्हता म्हणून नाही. बचत पुढे होणार, पैसे मात्र आज मोजायचे, ही अडचण होती.

२००९ साली सरकारने 'बचत लॅम्प योजना' आणली. सीएफएल १५ रुपयांत द्यायचा आणि उरलेली किंमत कार्बन क्रेडिट विकून भरून काढायची. पुढे जगात या क्रेडिटचे भाव कोसळले आणि योजनेचा आधारच गेला.

५ जानेवारी २०१५ रोजी वेगळ्या वाटेने सुरुवात झाली. या योजनेचे नाव पुढे 'उजाला' पडले. ईईएसएल या सरकारी कंपनीने कोट्यवधी बल्ब एकगठ्ठा निविदेने घेतले. २०१४ मध्ये सुमारे ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. अनेक ठिकाणी तो वीजबिलातून महिना दहा रुपयांच्या हप्त्याने मिळे. असे ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. अडचण किमतीची होती. किंमत उतरली आणि लोक आपसूक बदलले.

आता एक काम करा. जुना झिरोचा बल्ब अजून असेल, तर हिशेब मांडा. १५ वॅट, रोज आठ तास, म्हणजे महिन्याला ३.६ युनिट. दिवाणखान्यातल्या एलईडीच्या अडीचपटीहून जास्त! आणि आजचा इलेक्ट्रॉनिक मीटर त्याला झिरो मानत नाही.