खुनी ठाऊक असूनही

दुपारी जेवणानंतर वामकुक्षी घ्यावी, हा आमच्या घराण्याचा शिरस्ता. हल्ली मात्र नेमक्या त्या वेळेला आमच्या दिवाणखान्यात रोज एक मुडदा पडतो. 'सीआयडी'चे जुने भाग पुन्हा दाखवतात आणि मी ते पुन्हा पाहतो. खुनी कोण हे मला ठाऊक असते. हिला तर माझ्याआधी आठवते. ताटे विसळता विसळता ती आतूनच सांगते, "अहो, मेहुणाच तो! एवढे डोळे फाडून काय बघताय?"

ही मालिका जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाली, २०१८ पर्यंत चालली आणि २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा अवतरली. बी. पी. सिंग हे मूळचे मुंबई दूरदर्शनचे कॅमेरामन. शिवाजी साटमांना घेऊन आधी त्यांनी मराठीत 'एक शून्य शून्य' केली होती. साटम पूर्वी बँकेत होते. 'कुछ तो गडबड है' हे वाक्य ते इतके मनापासून म्हणतात, ते चेकवरच्या सह्या ताडून पाहण्याच्या सवयीमुळेच असावे, असा माझा संशय आहे.

आता खरेखोटे म्हणाल, तर मुंबईतले असले खून शहर पोलिसांची गुन्हे शाखा बघते. राज्याच्या सीआयडीचे मुख्यालय पुण्याला आहे. दया दार फोडतो, पण आधी बेल वाजवून पाहावी हे कुणालाच सुचत नाही. डॉ. साळुंख्यांच्या नळीतले पाणी निळे झाले की विष सापडले! मग एक थप्पड, आणि गुन्हेगार घडाघडा कबुली देतो. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही, हे १८७२ च्या कायद्यात होते आणि २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही आहे. पण इथे एसीपी साहेब फाशीसुद्धा जागच्या जागीच सांगून टाकतात. न्यायाधीशांना तेवढीच विश्रांती!

हे सगळे समजूनही मी का बघतो? २००९ साली आमच्याकडे चोरी झाली. आईच्या पाटल्या गेल्या. पंचनामा झाला, चहा झाला, पुष्कळ दिवसांनी कागद आला : 'ए समरी'. म्हणजे गुन्हा खरा, पण गुन्हेगार सापडत नाही. आईने मला तो कागद दोनदा वाचायला लावला. "गुन्हा खरा म्हणतात ना? मग झालं," म्हणाली आणि टीव्ही लावायला सांगितले.

कीर्तनात रावण मरणार हे ठाऊक असूनही माणसे मांडी घालून बसतातच की. आई तशीच बसायची. दार फुटले, चोर सापडला, की पदराने चष्मा पुसून हळूच म्हणायची,

"या दयाला आपला पत्ता देऊन ठेव रे."

आई गेली. पाटल्या अजून मिळालेल्या नाहीत. दया दाराशी आला की मी मात्र अजून सावरून बसतो.